विनोद कुठाय?

परवा दुपारी पाऊस असा लागून राहिला की घरी जायचं म्हणजे चपला हातात घेऊनच जावं लागणार, म्हणून लायब्ररीतच बसून राहिलो. खिडकीजवळ दोन काका पेपर उघडा टाकून कोल्हापुरातल्या, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर भांडत होते. एक म्हणे ३६ फूट, दुसरे म्हणे छे, सकाळीच ३७ झालीय. ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, त्यामुळं आमच्याकडं पावसाळ्यात त्या एकेका फुटाला लई किंमत. मी आपला कपाटापुढं उभा राहून काहीतरी हलकंफुलकं शोधत होतो आणि हाताला लागलं 'एकटा जीव'. दादा कोंडक्यांचं. म्हणजे सांगितलंय दादांनी, शब्दांकन अनिता पाध्येंचं. आधी वाचलेलं, खरं पावसात वाचलेलंच पुस्तक पुन्हा वाचायला बरं वाटतं, पुढं काय होणार याचं टेन्शन नसतं.

उघडलं आणि बघतो तर समासात गर्दी. पेन्सिल, निळं पेन, एका ठिकाणी तर लाल. लायब्ररीच्या पुस्तकात लिहिणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग आहे, बायको म्हणते बीपी वाढवून घ्यायची हौस आहे तुम्हाला, पण हा राग मी जपलाय. तरी त्या दिवशी मूळ पुस्तक राहिलं बाजूला आणि मी समासच वाचत सुटलो.

एका पानावर पेन्सिलीत, 'हे खोटं आहे.' त्याच्याखाली निळ्या पेनात, 'तू होतास काय तिथं?' त्याच्याही खाली सुवाच्य शाळामास्तरी अक्षरात, 'वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये', आणि हेही पेनानंच! पुढं एकानं 'अश्लील' असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. आता दादांचं पुस्तक घरी नेऊन त्यात अश्लील सापडलं म्हणून रेघा मारणं म्हणजे फडतऱ्यांची मिसळ मागवून तिखट लागली म्हणून तक्रार करण्यापैकी आहे. सेन्सॉर बोर्ड ज्या माणसापुढं हात टेकत होतं, तिथं ह्या रेघा काय करणार. आणि गंमत म्हणजे रेघा मारणाऱ्यानं पुस्तक अर्धवट सोडलेलं नाही. शेवटच्या प्रकरणापर्यंत त्याच्या रेघा आहेत.

सगळ्यात चांगला अभिप्राय मात्र न लिहिलेला होता. एका पानाच्या कोपऱ्यात हळदीचा पिवळा अंगठा, शंभर टक्के भडंगाचा, चुरमुऱ्याचा एक कण पण चिकटलेला. हात पुसायचंसुद्धा भान राहिलं नाही म्हणजे त्या माणसाला पुस्तक किती आवडलं असेल.

आमच्या घरी दादांचे पिक्चर बंद होते. बंद म्हणजे पोरांना बंद. गणपतीत गल्लीत मंडळ रस्त्यावर पडदा बांधून पिक्चर दाखवायचं, आणि एका वर्षी 'पांडू हवालदार' लागला तेव्हा आम्हाला 'झोपा गपगुमान' म्हणून आत घातलेलं. आम्ही तिघं परसातनं उडी मारून गेलो, खरं पुढं बसलो तर कुणीतरी चुगली करणार, म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो. मागनं सगळं उलटं दिसायचं, पाट्यांवरची अक्षरं उलटी, डावखुरे हवालदार. आवाज पुढच्या कर्ण्यातनं, तो आमच्याकडं घुमत यायचा, निम्मे डायलॉग कळायचे नाहीत आणि जे कळायचे त्यांचा अर्थ कळायचा नाही. मग पुढची माणसं हसली की आम्ही हसायचो. पोट धरून. आणि मधेच पडद्याच्या कडेनं वाकून बघितलं तर पानपट्टीच्या आडोशाला आमचे वडील. तोंडावर रुमाल धरलेला, खांदे नुसते गदगदा हलत होते. त्यांनी आम्हाला बघितलं की नाही हे आजपर्यंत कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी काहीच बोललं नाही.

तर असे हे वडील, पुढं कितीतरी वर्षांनी हेच पुस्तक लायब्ररीतनं घेऊन आले ते वर पेपरचं कव्हर घालून. घरात आजी. तिला अक्षर वाचता यायचं नाही, पण कव्हर घातलेलं पुस्तक म्हणजे त्यात काहीतरी आहे हे तिला बरोबर कळायचं. कुणाचं रं? दादा कोंडक्याचं. झालं, वाचून दाखव म्हणून मागं लागली. कारण तिचं माहेर भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओपासून चालत जायच्या अंतरावर, आणि भालजींचाच 'तांबडी माती' १९६९ चा, दादांचा पहिला पिक्चर. 'मी बघितलोय त्याला,' ती सांगायची, 'स्टुडिओच्या दारात उभा होता, कोण कुत्रं विचारत नव्हतं.' खरं-खोटं अंबाबाईला ठाऊक. समासात 'हे खोटं आहे' लिहिणारा आमच्या घरी असता तर आजीनं लाटणं घेतलं असतं.

वडील रोज जेवणानंतर वाचायचे. मधेच आवाज अडखळायचा, एक ओळ टुणकन उडी मारून पुढं जायचा. आजी लगेच, 'गाळलास नव्हं? वाच की.' पन्नाशीचा माणूस आईपुढं लाल होऊन वाचतोय आणि आई शांतपणे सुपारी कातरतेय, हे दृश्य ज्यानं बघितलंय त्याला विनोदी सिनेमाची गरज नाही. 'सोंगाड्या'ला १९७१ मध्ये दादरचं कोहिनूर थेटर मिळत नव्हतं आणि बाळासाहेब ठाकरे मधे पडले तो किस्सा तर पुस्तक हातात न धरलेल्यालाही पाठ असतो, आजी तो वडिलांच्या आधीच सांगून मोकळी व्हायची आणि वर म्हणायची, बरोबर लिवलंय.

फक्त एकदा तिनं थांबवलं. दादांच्या घरातली जवळची बरीच माणसं एका वर्षाच्या आत गेली, त्या ठिकाणी. 'किती जणं म्हणालास?' वडिलांनी परत वाचलं. ती बोटांवर मोजत बसली. त्यांची मोजत होती का आपली, कळलं नाही. वडील पुस्तक मिटून चूळ भरायला उठले.

परवाच्या त्या प्रतीत मी मुद्दाम ती जागा शोधली. तिथं समासात कुणीतरी लिहिलं होतं, 'विनोद कुठाय?'

माझं डोकंच सणकलं. हसवणाऱ्यानं चोवीस तास हसवलंच पाहिजे, त्याच्या घरातलं मरणसुद्धा नाडी लोंबत सोडूनच आलं पाहिजे, हा कसला हिशेब. तिकीट काढलंय तर परतावा पाहिजे, तोही फुकट मिळालेल्या लायब्ररीच्या पुस्तकात. आपल्याकडं नकलाकार लग्नाला आला की जेवायला बसू देत नाहीत, 'एक होऊन जाऊ दे' म्हणतात, तसंच हे. काकांना दाखवावं म्हणून मान वर केली तर ते अजून ३७ वरच अडकलेले.

मग माझ्यासारख्या शहाण्यानं काय करावं? पुस्तक घरी आणलं, पोराच्या कंपासमधला खोडरबर घेतला आणि रात्री तेवढं खोडायला बसलो. लिहिलेलं पेनानं होतं हे चष्मा लावल्यावर कळलं. तरी घासलं. थुंकी लावून घासलं, लहानपणी वहीवर करायचो तसं. शाई पसरली, कागद मऊ झाला आणि समासाला भोकच पडलं. भोकातनं पलीकडच्या पानावरचं अर्धं अक्षर दिसायला लागलं.

सोमवारी परत द्यायला गेलो. काउंटरवरच्या ताई पानं फरफर चाळत म्हणाल्या, कसं वाटलं?

बरं हाय, म्हटलं. आणि त्या भोकाच्या पानापर्यंत पोचायच्या आत दुसरं पुस्तक मागितलं.