पाटीवरची दहा नावं

2019 च्या जुलैमधली गोष्ट. मध्य इंडियानातल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात, स्थानिक इतिहासाच्या विभागात मी काम करते. जुनी वर्तमानपत्रं, शाळांची वार्षिकं, घरांचे नकाशे, कारखान्यांची माहितीपत्रकं असा आमचा पसारा. उन्हाळ्यात बहुतेक माणसं पणजोबांचा शोध घेत येतात. त्या सकाळी मात्र हायस्कूलच्या क्रीडा विभागप्रमुखांचा मेल आला. त्यांना इथे सगळे एडी म्हणतात. शाळेच्या जिममध्ये मोठी पाटी लावायची होती, तिचं प्रूफ त्यांनी पाठवलं होतं. चार वाजेपर्यंत ते छपाईला जायला हवं होतं, तर ‘वर्षं तेवढी नजरेखालून घाला’ अशी विनंती.

प्रूफवर ठळक अक्षरांत ‘नॉर्थ सेंट्रल कॉन्फरन्स, स्थापना 1926’ आणि त्याखाली दहा शाळा: अँडरसन, आर्सेनल टेक, हॅरिसन, कोकोमो, लाफाएट जेफरसन, लोगन्सपोर्ट, मॅरियन, मकचन, मन्सी सेंट्रल, रिचमंड.

वर्ष बरोबर होतं आणि नावंही बरोबर होती. पण ती अशी एकाखाली एक वाचली की 1926 पासून याच दहा शाळा एकत्र खेळत आल्या असं वाटत होतं, आणि ते खरं नव्हतं.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत हायस्कूलचे खेळ राज्य संघटनेच्या नियमांनी चालतात. इंडियानात ती संघटना 1903 पासून आहे आणि राज्य स्पर्धा तीच भरवते. पण हंगामभर कोण कोणाशी खेळणार, हे बरंचसं कॉन्फरन्सवर ठरतं. कॉन्फरन्स म्हणजे आठ-दहा शाळांनी आपसांत बांधलेला गट. गटात असलं की सामने मिळण्याची चिंता मिटते, दरवर्षी तेच प्रतिस्पर्धी समोर येतात आणि मग वैर, मैत्री, तिकीटविक्री सगळं त्यातूनच उभं राहतं. हे सामने, त्यातही बास्केटबॉलचे, शाळेचे असले तरी बघायला अख्खं गाव येतं. मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा हे फुटबॉल संघ समोरासमोर आले की पेठांचं काय होतं ते पाहत लहानाची मोठी झाले, त्यामुळे इथल्या शुक्रवार रात्री मला कधी परक्या वाटल्या नाहीत. नवऱ्याला कोकोमोच्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून आम्ही या पट्ट्यात आलो. इथे इंजिनिअर म्हणून आलेली आणखीही मराठी कुटुंबं आहेत. त्यांची मुलं याच शाळांच्या जर्सी घालतात.

मी एडींना फोन केला. म्हटलं, “वर्षं बघायला दहा मिनिटं लागतील, पण पाटी अशी जाऊ देऊ नका. मला दुपारपर्यंत वेळ द्या.” ते भला माणूस, लगेच ‘घ्या’ म्हणाले.

मग मायक्रोफिल्मची रिळं काढली. आमचं जुनं मशीन हाताने फिरवायचं आहे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकत जातात, आणि खेळाचं पान नेमकं कुठे येतं हे हाताला सवयीने कळतं. 1920 च्या दशकाच्या शेवटची गुणतक्ते असलेली पानं लावली आणि तिथे लेबनन आणि रॉचेस्टर भेटल्या. आज या दोन नावांचा आणि या कॉन्फरन्सचा संबंध कोणी जोडत नाही. लेबनन त्या काळी साधीसुधी शाळा नव्हती. 1912, 1917 आणि 1918 अशी बास्केटबॉलची तीन राज्य विजेतेपदं तिच्या नावावर होती. रॉचेस्टर तर उत्तरेकडचं लहानसं गाव. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दोघी बाहेर पडल्या.

फ्रँकफर्टचं नाव दिसलं तेव्हा मात्र मी रीळ थांबवलं. हॉट डॉग्ज हे त्यांच्या संघाचं नाव. प्रशिक्षक एव्हरेट केस यांच्या हाताखाली या शाळेने 1925, 1929, 1936 आणि 1939 असं चारदा राज्य जिंकलं. केस पुढे नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात गेले आणि तिकडच्या बास्केटबॉलचा चेहराच त्यांनी बदलला. फ्रँकफर्ट 1960 च्या दशकात या कॉन्फरन्समधून गेली. पहिल्या काही दशकांत कॉन्फरन्सला जो दबदबा मिळाला, त्यात हिचा वाटा थोडा नाही. आणि पाटीवर तिला एक ओळही नव्हती.

त्या वर्षांची पानं चाळताना वेळेचं भान राहत नाही. 1926 ला मॅरियन राज्य विजेती. 1928 ला मन्सी सेंट्रल, तीही 13–12 अशा फरकाने, आणि हरलेल्या मार्टिन्सव्हिलच्या संघात जॉन वुडन होते, जे पुढे कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाचे थोर प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी मन्सीचं फिल्डहाऊस, म्हणजे बास्केटबॉलचं बंदिस्त सभागृह, उभं राहिलं. 1931 ला पुन्हा मन्सी, 1932 ला न्यू कासल, 1934 ला लोगन्सपोर्ट, 1935 ला अँडरसन. तेव्हा राज्यभरातल्या शेकडो शाळा एकाच स्पर्धेत उतरायच्या, लहान-मोठी असा भेद नव्हता. 1954 च्या स्पर्धेत 751 शाळा होत्या, आणि अंतिम सामन्यात 161 विद्यार्थ्यांच्या मायलनने मन्सी सेंट्रलला 32–30 असं हरवलं. ही गोष्ट सगळ्या अमेरिकेला ठाऊक आहे. पण मायलनच्या विजयाचं एवढं कौतुक का झालं, तर समोर या कॉन्फरन्सची मन्सी होती, हे कुणी फारसं बोलत नाही.

हीच गावं एकत्र का आली, याचं उत्तर जमिनीखाली आहे. 1880 च्या दशकात या पट्ट्यात नैसर्गिक वायू सापडला. मन्सी, अँडरसन, मॅरियन, कोकोमो ही गावं त्याच्यावर फुगली. काचेचे कारखाने आले; काचेच्या बरण्या बनवणारे बॉल बंधू 1887 मध्ये मन्सीला आले ते याच वायूपायी. वायू संपला तोवर मोटारींचं युग सुरू झालं होतं. मग गिअर, दिवे, बॅटऱ्या, रेडिओ बनवणारी गावं झाली. विजेवर धावणाऱ्या आंतरशहरी गाड्यांनी ती एकमेकांना जोडलेली होती. साधारण एकाच मापाची, प्रत्येकी एकच मोठं हायस्कूल असलेली, कामगारांची गावं. त्यांनी आपसांत गट करावा यात नवल नाही.

एक गोष्ट मात्र चाळताना घशाशी आली. त्या सगळ्या तक्त्यांत इंडियानापोलिसची क्रिस्पस ॲटक्स ही शाळा कुठेच नाही. 1927 मध्ये ती कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढली, आणि अशा शाळांना व चर्चच्या शाळांना राज्य संघटनेचं पूर्ण सदस्यत्व 1942 पर्यंत मिळालं नाही. 1955 च्या स्पर्धेत ऑस्कर रॉबर्टसनच्या ॲटक्सने याच मन्सी सेंट्रलला 71–70 असं एका गुणाने मागे टाकलं आणि पुढे राज्य जिंकलं. सदस्यांची यादी वाचताना ‘कोण होतं’ इतकंच ‘कोणाला येऊ दिलं नाही’ हेही वाचायला हवं, असं मला वाटतं. ते माझ्या पाटीच्या कामात बसणारं नव्हतं, पण मी टिपणात लिहून ठेवलं.

फ्रँकफर्टनंतरची अनेक दशकं आठ शाळांची. जुन्या लोकांच्या तोंडी ‘नॉर्थ सेंट्रल’ म्हणजे तेच आठ: अँडरसन, कोकोमो, लाफाएट जेफ, लोगन्सपोर्ट, मॅरियन, मन्सी सेंट्रल, न्यू कासल, रिचमंड. मॅरियनने 1985, 86 आणि 87 असं लागोपाठ तीनदा राज्य जिंकलं ते याच काळात.

दुपारी एक आजीबाई आल्या. नात्यातल्या कुणाचं मृत्युवृत्त शोधायचं होतं. टेबलावर पसरलेली माझी यादी त्यांना दिसली. न्यू कासलच्या पुढे मी ‘बाहेर, 2013’ असं लिहिलं होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“मी तिथली,” त्या म्हणाल्या. “आम्हाला काढलं असं लिहू नका हं.”

मी म्हटलं, “तसं नाही लिहिलेलं. तुम्ही दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेलात, एवढंच.”

“गेलोच. माझ्या नातीला मंगळवारी रात्री लाफाएटहून परतायला किती वाजायचे माहीत आहे? दुसऱ्या दिवशी गणिताची परीक्षा. आता ग्रीनफिल्ड, यॉर्कटाउन, पेंडलटन. मुलं वेळेत घरी येतात.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पण अँडरसनचा सामना तो अँडरसनचाच. तसं फिल्डहाऊस पुन्हा भरलेलं मी पाहिलं नाही.”

न्यू कासलचं फिल्डहाऊस 1959 चं. मुळात नऊ हजारांहून अधिक लोक बसतील एवढं, जगातलं सर्वांत मोठं शालेय बास्केटबॉल सभागृह म्हणून ते ओळखलं जातं. गावाची आजची वस्ती अठरा हजारांच्याही आत. म्हणजे जवळपास निम्मं गाव एका छपराखाली मावेल! ते बांधलं तेव्हा गावात मोटारींच्या भागांचा मोठा कारखाना जोरात होता. तो पुढे बंद पडला. अँडरसनची गत याहून वाईट. एका काळी तिथे तीन हायस्कुलं होती. 1997 मध्ये मॅडिसन हाइट्स बंद झालं, 2010 मध्ये हायलँड. जवळपास नऊ हजार आसनांचं त्यांचं विगवॅम सभागृह खर्च झेपेना म्हणून 2011 मध्ये शाळेने बंद केलं. मन्सीचा बोर्गवॉर्नरचा कारखाना 2009 ला गेला, साउथसाइड हायस्कूल 2014 ला. कॉन्फरन्सचे बदल याच वर्षांभोवती का गोळा झालेत, हे वेगळं सांगायला नको.

2003 मध्ये हंटिंग्टन नॉर्थ आत आली होती, ती 2015 मध्ये ईशान्येकडच्या नव्या कॉन्फरन्समध्ये गेली. लाफाएटच्या बाहेरच्या दोन शाळा, हॅरिसन आणि मकचन, इंडियानापोलिसच्या श्रीमंत उपनगरांबरोबर खेळत होत्या. ती उपनगरं वाढत गेली, आणि या दोघी त्याच सुमारास इकडे आल्या. सुरुवातीच्या काळात असलेली आर्सेनल टेक पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर परतली. बेरीज दहावर आली. पण अंतरं बघा: लाफाएटपासून ओहायोच्या सीमेवरच्या रिचमंडपर्यंत जवळजवळ दोनशे किलोमीटर. आजीबाईंची तक्रार अगदी रास्त होती.

असं असूनही मला वाटतं की ही कॉन्फरन्स टिकायला हवी. 1997–98 पासून राज्य स्पर्धा शाळांच्या पटसंख्येनुसार चार वर्गांत विभागली. त्यामुळे लहान शाळांना करंडक मिळू लागले, ते चांगलंच झालं. पण मॅरियन आणि न्यू कासलसारखे जुने प्रतिस्पर्धी राज्य स्पर्धेत समोरासमोर येण्याची खात्री उरली नाही. ज्या गावांचे कारखाने गेले, शेजारची शाळा गेली, सभागृह गेलं, त्यांना दर हिवाळ्यात एकमेकांच्या दारी जायला भाग पाडणारी ही एकच गोष्ट उरली आहे. माझ्या मते ती लांबच्या प्रवासाच्या मोलाची आहे, फक्त मधल्या आठवड्यातले सामने जवळच्या शाळांशी ठेवायला हवेत.

तीनच्या सुमारास एडी स्वतः वाचनालयात आले. मी दोन रकान्यांची यादी पुढे ठेवली: आजच्या दहा शाळा, आणि पूर्वीच्या सदस्य म्हणून लेबनन, रॉचेस्टर, फ्रँकफर्ट, न्यू कासल, हंटिंग्टन नॉर्थ. टेकच्या पुढे परत आल्याची खूण. जिथे एकाच वर्तमानपत्राचा आधार होता तिथे वर्षाऐवजी दशक.

त्यांनी सरळच विचारलं, “सोडून गेलेल्यांची नावं आमच्या जिममध्ये कशाला? आमच्या मुलांना ती माहीतही नाहीत.”

मी त्यांना विजेत्यांची यादी दाखवली. म्हटलं, “पाटीवर 1926 लिहायचं असेल, तर 1926 ते 1960 ची कमाई फ्रँकफर्टला वगळून सांगता येणार नाही. आणि न्यू कासल वगळून तर तुमच्या वडिलांच्या वेळचं काहीच सांगता येणार नाही. नाहीतर वर्ष काढा आणि फक्त आजची नावं ठेवा. तेही खरं राहील.”

ते बराच वेळ यादीकडे बघत राहिले. मग छपाईवाल्याला तिथूनच फोन लावला. पाटीची रुंदी वाढवली तर खर्च किती वाढेल, दोन दिवस उशीर चालेल का, अशी बोलणी झाली. छपाईवाला गावातलाच. त्याने विचारलं, फ्रँकफर्टच्या नावाशेजारी हॉट डॉगचं चित्र टाकायचं का? एडींनी हसून होकार दिला.

जाताना त्यांना मी एकच आणखी सांगितलं. पाटीवर राज्य विजेतेपदांचा जो तक्ता होता, तो फक्त मुलांचा होता. इंडियानात मुलींची बास्केटबॉल राज्य स्पर्धा 1976 मध्ये सुरू झाली, आणि त्यानंतर या शाळांच्या मुलींनी काय केलं याची नोंद कुठल्याच भिंतीवर नाही. त्यांनी विचारलं, ती यादी तुमच्याकडे आहे का? तयार नव्हती. आमच्याकडची त्या वर्षांची रिळं अजून सूचीतही आलेली नाहीत आणि मुलींच्या सामन्यांच्या बातम्या बहुतेकदा आतल्या पानावर चार ओळींत आहेत. तरी त्या हिवाळ्यात शाळेच्या दोन मुली शनिवारी सकाळी येऊन मशीनवर बसू लागल्या. दोघी मुलींच्या संघातल्याच. सामन्याची तारीख, गुण आणि जिथे मिळेल तिथे खेळाडूंची पूर्ण नावं त्या उतरवून घेत होत्या.