केस का रंगवत नाहीस, असं विचारलंत म्हणून

"केस कित्याक रंगयना गे तूं?" हा प्रश्न मला लग्नात विचारतात, बाराव्याला विचारतात, आणि परवा तर कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात प्रदक्षिणा घालताना मागून आला. निदान देवीला पाठ दाखवून तरी विचारायचं. मी ठरलेलं उत्तर दिलं, "अ‍ॅलर्जी आहे." त्यावर "अरेरे" आणि पाठोपाठ आवळ्याच्या तेलाची कृती.

अ‍ॅलर्जी खरी आहे. पण ते पुरं उत्तर नाही, हे मला माहीत आहे आणि विचारणाऱ्यांपैकी हुशारांनाही माहीत आहे. म्हणून एकदाच लिहिते.

चौतिसाव्या वर्षी भांगात पहिली पांढरी रेघ दिसली आणि मी रंगवायला लागले. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन आठवडे झाले की भांग चुगली करणार. ऑफिसात एक बाई होत्या, त्या रंगवायला उशीर करायच्या. त्यांच्या भांगाला आम्ही "हमरस्ता" म्हणायचो. ते नाव मी ठेवलं होतं.

मी वापरायचे ते काळ्या मेंदीचं पाकीट. मेंदी म्हणजे झाडपाला, त्यानं काय होतंय! मेंदीच्या पाल्यात काळा रंग नसतोच, असतो तो लालसर-नारिंगी, हे मला फार उशिरा कळलं. काळेपणा येतो तो त्यात घातलेल्या पॅराफेनिलीनडायअमाइन नावाच्या रसायनानं. डॉक्टर त्याला पीपीडी म्हणतात. बारा वर्षं मी ते डोक्याला चोपडत होते आणि काही झालं नाही. मग 2016च्या उन्हाळ्यात दोनदा, रंगवल्यानंतर दुसऱ्या दिवशी, कानामागे खाज सुटली. मी त्याला घामोळं म्हटलं. मे महिना, फोंड्याचा उकाडा, घामोळं नाही तर काय? पण तेव्हाही मला आतून कळलं होतं. खाज बरोबर रंगाच्या कडेकडेनं होती. घामोळं असं रेघ ओढून येत नाही.

तिसऱ्यांदा लावलं ते नणंदेच्या मुलाच्या लग्नासाठी. "वहिनी, केस तेवढे करून ये हां," असं ती फोनवर म्हणाली होती. शुक्रवारी रात्री लावलं. शनिवारी दुपारपासून मान आणि कान पेटले. रविवारी पहाटे जाग आली तेव्हा डोळे उघडेनात. मला वाटलं दिवे गेलेत. बोटांनी पापणी वर ओढून आरशात पाहिलं तर कपाळ पुढे आलेलं, डोळ्यांच्या जागी दोन फटी, कानांच्या पाळ्यांतून पाणी गळतंय. टाळूला मात्र फारसं काही नव्हतं. असंच होतं म्हणे, रंग डोक्याला आणि शिक्षा पापण्यांना.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि घरी पडून राहा म्हणाले. पण आम्ही नवऱ्यामुलाचे मामा-मामी. न जाऊन चालतंय? काळा गॉगल लावून म्हापशाच्या हॉलमध्ये गेले. पहिला अर्धा तास बरा गेला. मग हात धुवायला गेले तिथे एक ओळखीच्या बाई जवळ आल्या, माझं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?" मला आधी कळेचना. कळलं तेव्हा दाराबाहेर माझी पर्स सांभाळत उभा असलेला माझा नवरा दिसला. आयुष्यात ज्यानं आवाज चढवला नाही, तो माणूस. मी घाईघाईनं "नाही हो, डाय," म्हणाले. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला नाही, हे स्पष्ट दिसत होतं.

मग फोटो. "मामी, गॉगल काढा," फोटोग्राफर म्हणाला. मी काढला. समोर उभ्या असलेल्या भाचीच्या तीन वर्षांच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि किंचाळून आईच्या पदरात तोंड खुपसलं. नवरीनं नजर खाली वळवली. तो फोटो अल्बममध्ये नाही. नणंदेनं काढायला लावला, माझ्याच काळजीपोटी. त्या लग्नात मी होते याचा आता काहीच पुरावा नाही. तिचं वाईट मी आजही मानत नाही. पण अल्बम ती काढते तेव्हा मी चहा टाकायला उठते.

पुढे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीला पट्ट्या चिकटवून तपासणी केली आणि सांगितलं की शरीर एकदा ओळख धरून बसलं की विसरत नाही. पुन्हा काळा रंग लावायचा नाही. झालं, तुमचं उत्तर मिळालं.

मात्र त्याच डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं होतं की पीपीडी नसलेले रंग मिळतात. त्यांचाही काहींना त्रास होतो, पण आधी कानामागे लावून बघता येतं. हा भाग मी कुणाला सांगत नाही. विचारणारे लगेच दुकानाचं नाव सांगतील म्हणून, आणि मला अ‍ॅलर्जीची ढाल सोयीची आहे म्हणूनही.

"मला असेच आवडतात" असं म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मला तसं म्हणता येत नाही. पणजीच्या कदंब बसमध्ये पहिल्यांदा कॉलेजच्या मुलानं उठून जागा दिली तेव्हा मी पणजीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. वय 47. म्हार्दोळला जायांच्या पूजेला गेले, केळीच्या वाकात ओवलेली जाईची फाती माळली, तर घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, फूल कुठे पडलं?" पडलं नव्हतं. पांढऱ्यात पांढरं, दिसत नव्हतं. तेव्हापासून मी अबोली माळते. अबोली पांढऱ्या केसांत फार सुंदर दिसते, हे मात्र मनापासून सांगते. काळ्यात इतकी कधी दिसली नव्हती.

"हमरस्ता" म्हणणारी ती चौतीस वर्षांची बाई मला अधूनमधून भेटते. ती म्हणते, तू घाबरलीस, त्याला आता तत्त्वाचा मुलामा देतेस. मी म्हणते, तुला दर तीन आठवड्यांनी आरशाची भीती वाटायची, तुझं काय? दोघींपैकी कुणीच गप्प बसत नाही.

पुढच्या महिन्यात त्याच नणंदेच्या मुलीचं लग्न आहे. यंदा तिनं फोनवर केसांचं काही काढलं नाही, मुद्दाम काढलं नाही हे कळत होतं. काल रात्री मी कपाटातली वर्षभर पडून असलेली ती बिनपीपीडीची ट्यूब काढली आणि कानामागे एक ठिपका लावला. अठ्ठेचाळीस तास थांबायचं आहे. सकाळपासून तिथे जरा चुणचुणतंय.

घामोळं असेल. मे आहे.