फार जोमानं वाढतात

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये. कारण सांगितलं तर मंदार हसेल, म्हणून इथे लिहितेय.

आज इथे आयर्लंडमध्ये, विक्लोच्या रानात फॉरेस्टरबरोबर हिंडताना मागून एक बाई म्हणाल्या, "हे इथले नव्हेतच. आले आणि फार जोमानं वाढले." बोलत होत्या सिटका स्प्रूस या सूचिपर्णी झाडाबद्दल. बघतही झाडांकडेच होत्या, माझ्याकडे नाही. संध्याकाळपासून मी स्वतःला हेच बजावतेय.

आणि त्यांचं चुकलं तरी काय? सिटका मूळचा अलास्काकडच्या किनाऱ्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जंगल उरलं होतं जेमतेम 1 टक्का. आता साडेअकराच्या आसपास आहे आणि त्यातला निम्म्याला जरा कमी हाच. एका वयाची झाडं, रांगेत, दाटीवाटीनं. खाली दिवसाढवळ्या अंधार. 35-40 वर्षांनी सगळी एकदम तोडायची, की डोंगर बोडका. मला तरी कुठे आवडतं ते? टॉम्नाफिनोगच्या जुन्या ओकांखाली मे महिन्यात ब्लूबेल फुलतात तेव्हा मीच सगळ्यांना ओढून नेते.

पण मग बीचच्या झाडाला कुणी काही का बोलत नाही? तोही बाहेरचाच. जमीनदारांनी लावला, म्हणून त्याच्या सावलीत सहली. आणि ॲश, ज्याच्या लाकडाची हर्लिंग या इथल्या खेळाची काठी होते, तो अगदी घरचा. तो 2012 पासून बाहेरून आलेल्या बुरशीनं मरतोय. म्हणजे बाहेरून आलेल्याची धास्ती खोटी नाही. हे कळतं, तरी लागायचं ते लागलंच. "फार जोमानं." कमी जोमानं वाढले असते तर चाललं असतं?

इथे भारतीयांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून, म्हणजे ऑगस्टपासून, आई रोज विचारते, संध्याकाळी एकटी चालत येतेस का. जाऊ दे.

फॉरेस्टरला मात्र स्प्रूसचा राग नव्हता. सगळा एकदम काढला तर उरलेली झाडं वाऱ्यानं आडवी होतील आणि काटेरी ब्रॅम्बल माजेल, म्हणाला. त्यापेक्षा दर चार-पाच वर्षांनी विरळणी करायची, म्हणजे मधली थोडीच झाडं काढायची, वरचं छत मोडू द्यायचं नाही. उजेड खाली पोचला की बर्च, रोवन, हॉली आपोआप उगवतात. ओकची फळं 'जे' नावाचा पक्षी पुरून ठेवतो आणि विसरतो. मग ती रोपं सिका हरणं खातात. हरणं जपानची, 1860 च्या सुमारास विक्लोतल्याच पॉवर्सकोर्टच्या जमीनदारीत आणलेली. इथे मला हसू फुटलं.

त्याच बाईंनी नंतर थर्मासमधला चहा दिला. चक्क कडक. आता रागवायचं कसं? तुमच्याकडे कसली झाडं, असं विचारलं त्यांनी. मी रत्नागिरीच्या घरामागच्या काजूबद्दल भरभरून सांगत सुटले, अगदी आमचा, कातळावरही येणारा... आणि मध्येच आठवलं की तो पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. तसंच दामटून पुढे सांगत राहिले.

पुढच्या विरळणीसाठी नाव दिलंय. आज माझ्याही हातात रंगाचा डबा दिला होता, काढायच्या झाडांवर ठिपका मारायला. एक वाकडा स्प्रूस, मग दुसरा, प्रत्येकाची बाजू घेऊन मी इतका वाद घातला, की फॉरेस्टरनं डबा मुकाट्यानं काढून त्या बाईंना दिला.