आमची वाटचाल : पडद्यावरून, पुस्तकातून न्यूझीलंडकडे

2000 साली न्यूझीलंडमध्ये चित्रीकरण झालेला ‘कहो ना... प्यार है’ झळकला आणि न्यूझीलंडचं नाव क्रिकेट सोडून दुसऱ्याच कारणासाठी लोकांच्या तोंडी आलं. आमचं ऑफिस तेव्हा अगदी लहान होतं. तिकिटं काढून द्यायची, व्हिसाच्या फाइली लावून द्यायच्या, एवढंच काम. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. त्या सिनेमानंतर नवी जोडपी चौकशीला येऊ लागली, पण त्यांना कुठलंही निळं तळं आणि त्यामागे बर्फाचा डोंगर चालायचा. मग 2001, 2002 आणि 2003 अशी ओळीने तीन वर्षं पीटर जॅक्सन यांच्या, तिथेच चित्रित झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या सिनेमाचे भाग आले आणि प्रश्नच बदलला. मुलंमुली डीव्हीडीचं खोकं टेबलावर ठेवायची, त्यातल्या एका चित्रावर बोट टेकवायची आणि विचारायची, “ताई, हा डोंगर नेमका कुठे आहे?”

त्या प्रश्नावर आमची कंपनी उभी राहिली. भावाने मोठे नकाशे मागवले, चित्रीकरणाच्या जागांची एक मार्गदर्शिका मिळवली आणि आम्ही एकेक दृश्य जुळवत बसलो. काळ्या घोडेस्वाराला चुकवून रस्त्याकडेच्या मुळांखाली लपण्याचा तो प्रसंग वेलिंग्टन शहरातल्याच माउंट व्हिक्टोरियावर घेतलेला. एल्फ नावाच्या काल्पनिक लोकांचं गाव रिव्हेन्डेल अपर हटजवळच्या काइटोके उद्यानात. गोष्टीत कित्येक दिवसांची पायपीट, प्रत्यक्षात गाडीने जेमतेम तासाभराचा रस्ता. उलट काही जागा अशा, की पडद्यावर सलग दिसतात आणि प्रत्यक्षात मध्ये समुद्र लागतो, फेरीबोट पकडावी लागते. सिनेमाचा भूगोल आणि देशाचा भूगोल यांचा मेळ घालणं, हे काम आम्हाला तेव्हापासून मनापासून आवडतं.

माटामाटाजवळची हॉबिटांची, म्हणजे त्या गोष्टीतल्या बुटक्या लोकांची, वाडी सगळ्यांनाच हवी असायची, अजूनही असते. ती जागा 1998 मध्ये हवाई पाहणीत सापडली : मेंढ्यांचं मोठं फार्म, गोलाकार टेकड्या, वीजतारा नाहीत. सेट तात्पुरत्या सामानाचा होता आणि काम झाल्यावर बराचसा काढूनही टाकला. 2002 मध्ये तिथे पर्यटकांच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा टेकडीच्या पोटात पांढऱ्या प्लायवूडची गोल तोंडं तेवढी उरली होती. आमचे सुरुवातीचे प्रवासी तेच पाहून आले. त्यांच्या फोटोंत एक पांढरा गोल आणि शेजारी चरणारी मेंढी, बाकी काही नाही. पण ते फोटो दाखवताना त्यांचा आनंद ओसंडून वाहत होता. “हे बघा, हे बिल्बोचं दार. इथून तो पळत सुटतो.” माणूस प्रवासाला निघतो तेव्हा अर्धी जागा मनात घेऊनच निघतो, हे मला त्या फोटोंनी शिकवलं.

पुढे ‘द हॉबिट’ सिनेमांसाठी ती वाडी टिकाऊ सामानात नव्याने बांधली गेली. आज तिथे चाळीसहून जास्त घरं आहेत. बागेतली फुलं खरी, भाज्या खऱ्या. बिल्बोच्या घरावरचा ओक मात्र कृत्रिम, त्याची पानं एकेक करून हाताने जोडलेली. दारंही मुद्दाम वेगवेगळ्या मापांची केलीत : एकापुढे माणूस ठेंगू दिसावा, दुसऱ्यापुढे धिप्पाड. जरूर पाहावं. फेरी गाइडबरोबरच करता येते, म्हणून बुकिंग आधी लागतं.

आमच्याकडे कोणी आलं की आम्ही तारखा आणि बजेट नंतर विचारतो. आधी विचारतो, काय पाहिलंत, काय वाचलंत, त्यातलं काय डोळ्यांपुढून हलत नाही? उत्तर द्यायला लोक वेळ घेतात, आणि त्या वेळात आखणीचं निम्मं काम होतं. कोणाला डोंगर हवा असतो, कोणाला पाऊस, कोणाला एखादी गल्ली. आठवड्यात दोन्ही बेटं आणि सगळी सिनेमास्थळं उरकणारी टूर आम्ही विकत नाही. मागणी पुष्कळ आहे, धंदा चांगला होईल, पण अशा सहलीत माणूस बसच्या काचेतून देश बघतो आणि काच तर त्याने घरीही पाहिलेली असते.

आता रांगिटाटा नदीच्या खोऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या कामाची दिशा तिथे ठरली. दक्षिण बेटावर, कँटरबरीत, माउंट समर्स गाव मागे पडलं की पुढे डांबर संपतं. मग खडीचा रस्ता, लेक क्लिअरवॉटर, आणि खोऱ्याच्या मधोमध एकटीच उभी असलेली टेकडी : माउंट संडे. सिनेमातल्या रोहान या घोडेस्वारांच्या राज्याची राजधानी इथे उभारली होती. चित्रीकरणानंतर सगळं काढून नेलं. आज वर नुसता खडक आणि गवत. गाडी लावायची, ओढे ओलांडायचे आणि चढायचं, फार उंच नाही. वारा असा की टोपी हातात धरावी लागते आणि शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. खाली नदी एका धारेने वाहत नाही. गोट्यांच्या रुंद पात्रात तिच्या कितीतरी धारा पसरतात, एकमेकींत मिसळतात, पुन्हा सुटतात. भोवती बर्फाचे डोंगर.

एका गटात एक निवृत्त शिक्षिका होत्या. सिनेमा त्यांनी नातवाच्या हट्टापायी पाहिलेला, पण पिशवीत वेगळंच पुस्तक होतं : सॅम्युअल बटलर यांचं 1872 मधलं ‘एरेव्हॉन’. बटलर 1860 मध्ये इंग्लंडहून इथे आले, याच खोऱ्यात पलीकडच्या तीरावर मेंढ्यांचं फार्म चालवलं, त्याला मेसोपोटेमिया असं नाव दिलं, आणि 1864 मध्ये परत गेले. पुढे कादंबरी लिहिली ती अशाच डोंगररांगेपलीकडे सापडलेल्या एका अज्ञात देशाची. मेसोपोटेमिया स्टेशन आजही आहे. बाई टेकडीवर उभ्या राहून पलीकडे हात करत होत्या. “रोज उठून हेच डोंगर बघायचा तो. पलीकडे काय असेल, असं वाटणारच की माणसाला!” सिनेमासाठी आलेली कॉलेजची पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. परतीच्या वाटेवर ते पुस्तक मागच्या सीटपर्यंत फिरत होतं.

एकाच खोऱ्यात शतकाहून जास्त अंतराने दोन माणसांनी दोन काल्पनिक राज्यं पाहिली, हा मला योगायोग वाटत नाही. तिथे झाडं विरळ, वस्ती जवळजवळ नाही, त्यामुळे अंतराचा अंदाजच येत नाही. समोरचा डोंगर दहा किलोमीटरवर की तीस, सांगता येत नाही. डोळ्याला माप सापडलं नाही की मन आपलं काहीतरी बांधायला लागतं. त्या दिवसापासून आमच्या आखणीत सिनेमाच्या प्रत्येक मोठ्या जागेबरोबर एखादं पुस्तक असतं, आणि निघण्याआधी ते आम्ही प्रवाशांच्या हातात देतो.

दुसरी एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळतो. सिनेमातली जागा कोणाची तरी असते. अग्निपर्वत ‘माउंट डूम’ म्हणून जगाला माहीत झालेला नाउरुहोए हा माओरींच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, दृष्टीने पवित्र डोंगर आहे. 1887 मध्ये न्गाती तुफारेतोआ जमातीचे प्रमुख होरोनुकु ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी टोंगारिरोची शिखरं राष्ट्राच्या स्वाधीन केली आणि तिथे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. टोंगारिरो आल्पाइन क्रॉसिंग ही जवळजवळ वीस किलोमीटरची दिवसभराची चाल आम्ही आनंदाने करवतो. नाउरुहोएच्या शिखरावर मात्र नेत नाही. स्थानिक लोकांची तशी विनंती आहे आणि वाटेवरून तो डोंगर डोळे भरून दिसतो. कोणी आग्रह धरला तर त्याला 1887 ची हकीकत सांगतो. ती ऐकल्यावर सहसा कोणी पुन्हा विचारत नाही.

गिझबर्नजवळच्या फांगाराचंही तसंच. विटी इहिमाएरा यांची ‘द व्हेल रायडर’ ही 1987 ची कादंबरी आणि 2002 चा निकी कारो यांचा सिनेमा, दोन्ही याच गावातले. देवमाशाच्या पाठीवर बसून आलेला पूर्वज पाइकेआ, त्याची मूर्ती तिथल्या सभागृहाच्या छपरावर आहे. पण ते राहतं गाव आहे, मराए, म्हणजे सभागृह आणि त्याचं आवार, खाजगी आहे. स्थानिक यजमानांनी परवानगी दिली, त्यांच्याबरोबर आत गेलो, तरच जायचं. परवानगी नसेल तेव्हा आम्ही रस्त्यावर गाडी थांबवून डोकावतही नाही.

वाचून येणारे प्रवासी सिनेमावाल्यांपेक्षा संख्येने फार कमी, पण एका ठिकाणी जास्त दिवस राहतात. एलेनॉर कॅटन यांच्या ‘द ल्युमिनरीज’ला 2013 चं बुकर मिळालं. 1866 मध्ये सोनं शोधायला लोटलेल्या गर्दीतलं होकिटिका त्यात आहे. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या या लहानशा गावात मुक्काम हवा, अशी मागणी आली तेव्हा तिथल्या हॉटेलवाल्यालाही आधी नवल वाटलं. बहुतेक टूर हिमनद्यांकडे जाताना इथे जेवायला थांबतात. आमचे वाचक पावसात किनाऱ्यावर उभे राहून जहाजं वाळूत कुठे रुतत असतील याचा अंदाज बांधतात आणि दुपारी पोउनामु, म्हणजे हिरव्या दगडाचं कोरीवकाम चालतं तिथे तासन्‌तास बसतात. वेलिंग्टनला थॉर्नडनमध्ये कॅथरिन मॅन्सफील्ड यांचं जन्मघर आहे, 1888 मधलं. तिथे मी स्वतः प्रत्येक वेळी जाते. अरुंद जिना, लहान खोल्या. त्यांच्या कथांतल्या मुलांची कुजबुज त्या जिन्यावर सहज कल्पनेत येते.

मार्च 2020 मध्ये न्यूझीलंडची सीमा बंद झाली आणि पूर्ण उघडायला जुलै 2022 उजाडला. त्या काळात आम्ही जुन्या प्रवाशांना घेऊन व्हिडिओ कॉलवर वाचन सुरू केलं. आजचे आमचे निम्मे गट त्या बैठकांतून जमलेत.

काही नियम येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो. पर्यटकांवरचा प्रवेश आकार ऑक्टोबर 2024 पासून 35 वरून 100 न्यूझीलंड डॉलर झाला आहे. ट्रेकचे बूट घासूनपुसून न्या, त्यांना माती चिकटलेली चालत नाही. खाण्याचं जे काही बरोबर असेल ते विमानतळावरच्या अर्जात लिहा. लपवलं तर तिथल्या तिथे 400 डॉलर दंड.

सध्या भाऊ ओमारूची आखणी करतोय. लेखिका जॅनेट फ्रेम यांचं लहानपणीचं घर तिथे, ईडन स्ट्रीटवर जपून ठेवलंय. मनोरुग्णालयात त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया ठरली होती. कथासंग्रहाला पुरस्कार मिळाल्याची बातमी आली आणि ती रद्द झाली. त्यांच्या आत्मचरित्रावर जेन कॅम्पियन यांनी 1990 मध्ये ‘ॲन एंजल ॲट माय टेबल’ केला, तो पाहून एका मुलीने आम्हाला पत्र लिहिलं आणि काम सुरू झालं. घर तिथल्या उन्हाळ्यात दुपारी थोडाच वेळ उघडं असतं, आणि संध्याकाळी बंदरावर छोटे निळे पेंग्विन समुद्रातून परततात. तेव्हा डनेडिनहून धावती भेट न देता ओमारूलाच दोन रात्री राहायचं ठरवलंय. पहिला गट जानेवारीत निघेल.