मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला नाही

गेल्या शनिवारी एका चढावर माझ्या सायकलच्या मागे गव्हाने भरलेला ट्रक आला. इथे, दक्षिण फ्रान्समध्ये, सध्या कापणी चालू आहे. रस्ता जेमतेम दीड गाडीचा, दोन्ही बाजूंना उंच बांध आणि पुढे वळण, त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. आवाजावरून कळलं की त्याने गिअर खाली टाकला आणि तो माझ्याच वेगाने, म्हणजे ताशी नऊ-दहा किलोमीटरने, मागून यायला लागला. मी सवयीने खांदे आवळून घेतले. आता हॉर्न वाजणार, आता वाजणार. कडेला उतरावं म्हटलं तर पाय टेकायला जागा नव्हती. पाऊण किलोमीटर तरी तो तसाच आला. माथ्यावर समोरचा रस्ता मोकळा दिसल्यावर त्याने इंडिकेटर दिला, पार पलीकडच्या बाजूला जाऊन मला ओलांडलं आणि खिडकीतून हात हलवून निघून गेला.

मी सायकल बांधाला टेकवली आणि रडले. दमले होते, ऊन होतं, हे सगळं खरं. पण रडू आलं ते त्या न वाजलेल्या हॉर्नमुळे.

नियम सांगते. फ्रान्समध्ये सायकलवाल्याला ओलांडताना गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडावं लागतं. तेवढी जागा नसेल तर मागेच राहायचं. २०१५ पासून तर समोरचा रस्ता मोकळा दिसत असेल तर सायकलला ओलांडण्यासाठी मधली अखंड पांढरी रेषासुद्धा ओलांडता येते. कायदा म्हणतो की रेषा मोडली तरी चालेल, पण माणसाला घासून जाऊ नका. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते वाक्य दोनदा वाचलं होतं. सगळे पाळतात असं नाही. तुलूज शहरात मला आरसा घासत गेलेल्या गाड्या भेटल्या आहेत. पण या आडरस्त्यांवर पाळतात, आणि कुणी बघायला नसताना पाळतात.

मी अकरावीत असताना फलटणच्या रस्त्यावर एका बसचा पत्रा माझ्या हँडलला लागला होता. मी उसाच्या चारीत पडले, दप्तर भिजलं, बस थांबली नाही. त्या दिवसापासून वाहन मागून आलं की माझी मान आपोआप खांद्यात जाते. इथे येऊन सहा वर्षं झाली, सायकल घेऊन चार, तरी ती सवय गेलेली नाही. म्हणून त्या ट्रकवाल्याचं एवढं लांबण लावते आहे.

आता कुणीतरी म्हणेल, तिकडे गेलं की सगळं चांगलंच दिसतं. म्हणून हेही लिहिते. आपल्या घाटात हॉर्न हा उद्धटपणा नसतो. मोगराळे घाटात वळणावर हॉर्न न देणारा माणूस बेफिकीर समजला जातो, आणि ते बरोबरच आहे. मागून येणारा हॉर्न पुष्कळदा ‘मी आहे, सांभाळ’ एवढंच सांगत असतो. शिवाय ज्या रस्त्यावरून उसाची ट्रॉली, शेळ्या, शाळेची पोरं, वऱ्हाडाची जीप आणि पायी दिंडी एकाच वेळी जातात, तिथे दीड मीटर कुठून काढायचा? मला आपल्या लोकांना नावं ठेवायची नाहीत. मला फक्त तो दीड मीटर हवा होता, अकरावीत.

रस्त्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण सायकलवाले मित्र विचारत असतात. तुलूजच्या पश्चिमेला जेर्स नावाचा जिल्हा आहे. मी सकाळच्या लोकल गाडीत सायकल टाकते, तिचं वेगळं तिकीट नाही, आणि लील-जुर्दँला उतरते. तिथून कोलोन्य, सारां, सोलोमियाक, मोव्हझँ आणि परत, असा पासष्ट-सत्तर किलोमीटरचा फेरा होतो. कोलोन्य हे तेराव्या शतकात आखून वसवलेलं गाव. मधोमध चौक, चौकात लाकडी खांबांचा बाजारमंडप. सारां गोलाकार आहे, चर्चभोवती घरांचं कडं. पण गावांपेक्षा मला मधले रस्ते जास्त आवडतात. नकाशावर मोठे रस्ते लाल, त्याखालचे पिवळे आणि सगळ्यात लहान पांढरे असतात. मी पांढरे धरते. कधी कधी तासाभरात तीन गाड्या भेटतात, त्यातला एक ट्रॅक्टर.

भूगोल कळला की रस्ता कळतो. दक्षिणेला पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लानमझांचं पठार आहे. तिथून साव्ह, जिमोन, आरात्स, जेर्स, बाईझ या नद्या पंख्याच्या काड्यांसारख्या उत्तरेकडे पसरत जातात. दोन नद्यांमध्ये एकेक डोंगरसोंड. नदीच्या कडेने उत्तर-दक्षिण गेलात तर दिवसभर सपाट. पूर्व-पश्चिम गेलात की प्रत्येक नदीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. चढ आपल्या घाटांपुढे काहीच नाहीत, साठ-सत्तर मीटरचे, फार तर शंभर. पण दहावा चढ आला की मांड्या बोलायला लागतात. माथ्यावर पोचलं की एका बाजूला सूर्यफूल, दुसऱ्या बाजूला गव्हाचं धस्कट आणि हवा स्वच्छ असेल तर टोकाला पिरेनीजची निळी रांग. ती फार जवळ दिसली तर पाऊस येतो, असं इथले लोक म्हणतात. मागच्या वर्षी दोनदा मी भिजले, दोन्ही वेळा आदल्या दिवशी डोंगर अगदी जवळ दिसत होते.

या शांततेची दुसरी बाजू कळायला मला वेळ लागला. पहिल्या वर्षी मी घरी फोनवर नुसतं कौतुक करायचे. मग एकदा सव्वाबाराला एका गावात पोचले. बाटली रिकामी, खिडक्यांची लाकडी झापं लावलेली, चौकात चिटपाखरू नाही. बेकरीवर विक्रीला असल्याची पाटी. आपल्याकडे कुठल्याही वाडीवर थांबलं की आधी पाणी येतं, मग ‘कुठली गं तू, कुणाची’ येतं. इथे मी अर्धा तास बसले, एक मांजर आलं.

जेर्समध्ये १८४६ च्या सुमाराला तीन लाखांवर माणसं होती. आज दोन लाखांहून कमी आहेत. आपल्या एकट्या फलटण तालुक्यात त्याहून जास्त आहेत. मुलं कमी जन्मली, तरुण शहरांकडे गेले, पहिल्या महायुद्धाने पिढी नेली, मग यंत्रं आली आणि शेताला हात लागेनासे झाले. प्रत्येक गावात युद्धस्मारकाचा दगड आहे. त्यावरची १९१४ ते १९१८ ची यादी वाचताना एकच आडनाव दोनदा-तीनदा येतं. मला दर वेळी साताऱ्याजवळचं सैनिकांचं गाव, अपशिंगे मिलिटरी, आठवतं. तिथल्या गेलेल्या ४६ जणांचाही असाच दगड आहे. माणसं गेली तरी रस्ते राहिले. डांबर गुळगुळीत आहे, कारण ते झिजवायला फारसं कुणी नाही.

मला हे बोलायचा अधिकार आहे का, हाही प्रश्न येतो. गाव सोडून आलेली मीही आहेच. आमच्या आळीत आता चार घरांना कुलूप आहे, त्यातलं एक चुलत्यांचं. पण मी रोज फोन करते, वर्षाला जाते, पैसे पाठवते. इथल्या शेतकऱ्याची पोरगी पॅरिसला गेली असेल, ती काय वेगळं करत असेल? आणि माझ्या कामाची जागा फलटणला नाही, हे आण्णांनीच मला पहिल्यांदा सांगितलं होतं.

तर पाणी. गावात कुणी नसेल तर स्मशानभूमीत जा, हे मला एका सत्तरीच्या सायकलवाल्या आजोबांनी सांगितलं. थडग्यांवरच्या फुलांना घालायला प्रत्येक दफनभूमीत नळ असतो. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नसेल तर इथले सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. त्या दिवशी मी फाटकाशी पाच मिनिटं उभी राहिले. आई घरात शिरू देणार नाही, असं वाटत राहिलं. मग चपला काढायच्या असतात का, तेही कळेना. शेवटी बूट बाहेर काढून अनवाणी गेले, वाळू तापलेली होती. नळाला पाणी गार होतं. शेजारच्या थडग्यावर एक जोडपं होतं, दोघं नव्वदीच्या पुढे जाऊन एका वर्षाच्या आत गेलेली. मी त्यांना नमस्कार केला आणि प्याले. आता दर वेळी जाते, बूट मात्र अजून काढते.

जेर्सच्या उत्तरेला लेक्तूरवरून स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाच्या पायी यात्रेचा मार्ग जातो. पाठीवर पिशवी, पिशवीला यात्रेची खूण म्हणून शिंपला. माणसं एकेकटी, फार तर दोघं-दोघं चालतात. त्यांना पाहिलं की मला घरची आषाढ वारी आठवते, तरडगाव ते फलटण, पुरुषभर धूळ आणि टाळ. आमचा पालखीमार्ग आता चौपदरी झाला. आण्णा म्हणतात, सावली गेली पण गाडीला बरं झालं. त्या मार्गावर मी शांतता मागणार नाही.

ट्रकच्या त्या चढावर, रडून झाल्यावर, मी आण्णांना फोन लावला. म्हटलं, ऐका. फोन शेताकडे धरला. चंडोल ओरडत होता, लांब कुठेतरी कापणीचं यंत्र. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“कुणीच नाही का गं तिथं?”

“एक ट्रक गेला आत्ता. गव्हाचा होता.”

“वारा कुठून आहे?”

मी सांगितलं, पूर्वेकडून, तापलेला. मग खालच्या वाडीकडे बोट करून, जणू त्यांना दिसतंच आहे, सांगत राहिले: तिथे लोखंडी पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये लसणाच्या जुड्या दांड्यांना टांगून वाळवताहेत, वास इथपर्यंत येतो, या लसणाला आपल्या सांगलीच्या हळदीसारखं भौगोलिक मानांकन आहे, पांढरा आणि मोठ्या कुड्यांचा.

“जा की खाली,” आण्णा म्हणाले. “भाव विचार. आणि पाकळ्या किती निघतात ते बघ.”

मी गिअर टाकला आणि उतरले.