प्रेस कुठलाही घ्या, ग्राइंडर मात्र बघून घ्या

ऑफिसात कुणी ना कुणी विचारतंच, "फ्रेंच प्रेस कुठला घेऊ गं?" फ्रेंच प्रेस म्हणजे जाळीचा दांडा दाबून कॉफी गाळायचं भांडं. माझं उत्तर ठरलेलं: कुठलाही घे, पैसे ग्राइंडरवर घाल.

प्रेसमध्ये गाळायला असते फक्त धातूची जाळी. मिक्सरच्या पात्यानं बी नीट दळली जात नाही, नुसती फुटते. भांड्यात निम्मे तुकडे, निम्मं पीठ. पीठ जाळीतून थेट कपात उतरतं आणि कॉफी कडू करतं; तुकड्यांचा अर्क पुरता निघतच नाही, म्हणून तीच कॉफी वर आंबटही लागते. बर ग्राइंडर, म्हणजे पात्याऐवजी दोन दातेरी चकत्यांमध्ये बी दळणारा, लापशी रव्यासारखी एकसारखी भरड देतो. हातानं फिरवायचाही चालतो. दंड भरून येतात, ते वेगळं.

प्रेस घेताना खोक्यावरच्या कपांवर जाऊ नका, मिली बघा. '३ कप' म्हणजे जेमतेम ३५० मिली, आपला एक मग! काच बेसिनमध्ये फुटते, स्टील फुटत नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

बियांच्या पाकिटावर मी आधी भाजल्याची तारीख शोधते. महिन्याच्या आतली असेल तर उत्तम. नुसती 'बेस्ट बिफोर' असेल तर पाकीट परत फळीवर. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी पावडर इथे कामाची नाही, ती बारीक असते आणि जाळी चिकट करते.

प्रेससाठी माझी आवडती मान्सून्ड मलबार. पूर्वी जहाजानं युरोपात जाता जाता समुद्राच्या दमट हवेनं बिया फुगायच्या आणि तिकडच्या लोकांना तीच चव आवडू लागली. आता पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर बिया मुद्दाम पसरतात. त्या फुगून फिकट पिवळ्या होतात आणि आंबटपणा जवळजवळ जातो. ज्यांना कॉफीत आंबट चव सोसत नाही, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. ३० ग्रॅम भरड, ४५० मिली पाणी, उकळी बसल्यावर ओतायचं. चार मिनिटांनी वरचा थर चमच्यानं मोडून फेस काढून टाकायचा, मग दांडा हळू खाली. आणि कॉफी लगेच ओतून घ्यायची, प्रेसमध्ये ठेवली की कडू होत जाते. कोलेस्टेरॉल जास्त असेल तर रोज प्रेस नको. कॉफीतलं तेल कागदी फिल्टरमध्ये अडकतं, जाळीत नाही.

कोल्ड ब्रूला, म्हणजे थंड पाण्यात भिजवून केलेल्या कॉफीला, चिकमगळूरची नॅचरल घेते, म्हणजे फळासकट वाळवलेली. थंड पाण्यात आंबटपणा कमी उतरतो, तेव्हा धुतलेल्या, म्हणजे गर धुऊन काढून मग वाळवलेल्या, बियांची कॉफी मला तरी सपक लागते. १०० ग्रॅम भरड, ८०० मिली पाणी, बरणी रात्रभर फ्रिजमध्ये, साधारण चौदा तास. चोथाच बरंच पाणी पितो, हाती सहाशेच्या आसपास येतं. आधी चाळणी, मग मलमल. श्रीखंडाचा चक्का टांगायचं फडकं वापरू नका, धुतलं तरी दह्याचा वास कॉफीत येतो. वेगळं फडकं ठेवा, साबण न लावता धुवा.

हा अर्क निम्मं पाणी घालून बर्फावर प्यायचा. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो म्हणतात, आमच्याकडे तितका उरत नाही. सासूबाई त्यात दूध आणि दोन चमचे साखर घालून संध्याकाळच्या चहाऐवजी संपवतात.