डिझेल परतावा: कागद कधी लावायचे, कुठे अडतात

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. जाळी भरणं, नौकेला रंग लावणं चालू असतं, तेव्हाच मी डिझेल कोट्याचे, म्हणजे नौकेला परताव्यासाठी मंजूर होणाऱ्या डिझेलचे, कागद हातावेगळे करतो. ऑगस्टात दर्यावर गेल्यावर मत्स्यव्यवसाय कार्यालयाच्या फेऱ्या मारायला सवड नसते, आणि कोटा मंजूर नसेल तर भरलेलं डिझेल परताव्यात धरत नाहीत.

सहा सिलिंडरचं, शंभर अश्वशक्तीचं इंजिन चालीवर तासाला 14-15 लिटर खातं. आठवड्याच्या फेरीला 800 लिटर धरा. 90 रुपये दराने 72 हजार झाले, बर्फ आणि रेशन वेगळं. 21 टक्क्यांनी त्यात लिटरमागे पंधराएक रुपये व्हॅट असतो, तो शासन परत करतं. एका फेरीचे बारा हजार! विक्रीतून आधी डिझेल, बर्फ, रेशन वजा होतं आणि उरेल त्याचे वाटे पडतात. त्यामुळे डिझेल महागलं की खलाशाच्या घरातले पैसेही कमी होतात.

कागद नेहमीचेच: नोंदणी, चालू परवाना, विमा, मच्छीमार संस्थेचं सभासदत्व, बँक पासबुक. काम अडतं ते बहुतेक इंजिनावर. इंजिन बदललेलं असतं, नोंदणीत जुनाच नंबर राहतो. अधिकारी जेटीवर तपासणीला आले की इंजिनाच्या पाटीवरचा नंबर ताडून बघतात. पाटी खाऱ्या हवेने गंजते. आदल्या दिवशी हलक्या हाताने ब्रश मारा, वरून खडू फिरवा, कोरलेले अंक उठून दिसतात. नौका वडिलांच्या नावावर आणि खातं मुलाचं, यानेही पैसे अडकतात. बिलावर नौकेचा नोंदणी क्रमांक हवाच. फेरीला निघताना मिळणारं टोकन त्या बिलालाच टाचून ठेवा.

एवढं करूनही पैसे महिनोन्महिने येत नाहीत, कारण शासनाचा निधी सुटला की मगच वाटप होतं. पुढच्या फेरीचं डिझेल मात्र आज रोखीने भरायचं असतं. मग व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की पापलेट-सुरमई त्याच्याच काट्यावर, तो म्हणेल त्या भावाने. परतावा उशिरा मिळण्यात खरं नुकसान हे आहे, आणि ते कुठल्याच कागदावर येत नाही. मार्च 2022 मध्ये घाऊक डिझेल लिटरला सुमारे 25 रुपयांनी वाढलं. मच्छीमार संस्था घाऊक ग्राहकांत मोडल्या, त्यांचं डिझेल रस्त्यावरच्या पंपापेक्षा महाग झालं. बाहेरच्या पंपावर भरावं तर परतावा मिळेल का हा प्रश्न.

आपल्या हातात राहते ती चाल. येता-जाता पूर्ण रेस देऊ नका; वेग थोडा उतरवला तरी डिझेल त्याहून बरंच जास्त वाचतं. पंख्यावर (प्रोपेलरवर) आणि बुडाला शेवाळ, शिंपले धरले की तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त खातं, म्हणून हंगामाच्या मध्यावर मोठ्या भरतीला नौका वर घेऊन बूड खरवडून घ्या.